आजारपण काढणारी घरं

सकाळी साडेपाचला मी सदूच्या पोटाला हात लावते. बरगड्या संपल्या की जरा मागं, मांड्यांच्या पुढं, दोन्ही बाजूंनी बोटं सपाट ठेवायची. आतडी हाताखालून निसटत राहतात. त्यांच्या मागं एक गोल, ताणलेलं काहीतरी लागतं. लिंबाएवढं असेल तर तासभर थांबता येतं. मोसंबीएवढं झालं की काढायची. शहाळ्याकडे झुकायला लागलं तर आदल्या रात्री मी गजर न लावता झोपले होते, हे आम्हा दोघांनाही कळलेलं असतं. मग शेपटीच्या दिशेनं एकसारखा दाब. झटका नाही, चिमटा नाही. दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग बाथरूमच्या फरशीवर धार पडते. ती थांबली की पुन्हा चाचपायचं, कारण पहिल्या धारेत सगळी कधीच येत नाही. शेवटी खाली वाकून वास घ्यायचा. वास उग्र असेल, रंग ताकासारखा गढूळ असेल, तर त्या दिवशीची बाकीची कामं रद्द. लघवीचा नमुना घेऊन डॉक्टरांकडे.

हे दिवसातून चार वेळा. साडेपाच, अकरा, साडेचार, दहा. गेली चार वर्षं.

सदू साधा गावठी कुत्रा आहे. तांबूस, एक कान मुडपलेला, आवाज अंगापेक्षा मोठा. कमरेच्या वर मणका मोडल्यामुळे मागचे दोन्ही पाय गेले आणि त्यांच्याबरोबर लघवी-शीवरचा ताबाही. टेम्पोनं उडवलं, असं त्याच्या कागदावर लिहिलंय. मी तो आणायला गेलेच नव्हते. माझ्या सासूबाई चौदा महिने अंथरुणाला खिळून होत्या. त्या गेल्यावर मोठ्या माणसांच्या डायपरची अडीच पाकिटं, अंडरपॅडचा गठ्ठा, हवेची गादी आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या अकरा चादरी उरल्या. ते सगळं कुणाला द्यायचं, या प्रश्नावर नातेवाइकांत चर्चा झाली आणि कुणालाच ते नको होतं. शेवटी शहराबाहेरच्या एका शेल्टरवर घेऊन गेले. तिथल्या मुलीनं चादरींना असा हात लावला, जशी आपण पैठणीला लावतो.

ती एकीकडे माझ्याशी बोलत होती आणि दुसरीकडे एका कुत्र्याची लघवी काढत होती. मला म्हणाली, "बघता का करून?" मी केलं. पहिल्या खेपेला जमलं. ती म्हणाली, "काकू, तुमचा हात बसलेला आहे." चौदा महिन्यांनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्या हाताला काही किंमत दिली होती. तीन आठवड्यांनी सदू घरी आला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी त्याच दिवशी दारात उभं राहून सांगितलं, "ताई, आधीच सांगते, कुत्र्याला मी हात लावणार नाही."

मराठीत 'काढणं' हे क्रियापद मला तेव्हापासून वेगळं ऐकू येतं. आपण दिवस काढतो, दुखणं काढतो, आजारपण काढतो. कुणाचे उपकार सांगायचे असतील, तर "माझं गू-मूत काढलंय तिनं" याच्यावरचं वाक्य आपल्याकडे नाही. आणि याच भाषेत 'कुत्र्याच्या मौतीनं मेला' असंही म्हणतात. हा लेख या दोन वाक्प्रचारांच्या मधल्या घरांवर आहे. गेल्या वर्षभरात मी अशी बरीच घरं पाहिली. बहुतेकांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं. सोसायटीत आधीच पुरेसं झालेलं आहे, हे त्यामागचं नेहमीचं कारण.

आधी शेल्टर का भरतात ते सांगते, कारण तिथंच खरी मेख आहे. रस्त्यावरचं कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथंच परत सोडायचं, असा आपला नियम आहे. 2001च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत तो होता आणि त्यांच्या जागी 2023 मध्ये जे नवे नियम आले, त्यांतही आहे. हा नियम चालत्या कुत्र्याचा आहे. पाय मोडला, प्लास्टर घातलं, बरं झालं, गेलं आपल्या गल्लीत. मणका मोडलेल्याला कुठं सोडणार? आंधळ्या मांजराला? फिट येणाऱ्याला? ती आत आली की आतच राहतात. दहा पिंजऱ्यांतले चार असे कायमचे धरले गेले, की सातव्या अपघाताचा फोन आल्यावर पलीकडून "जागा नाही हो" असं उत्तर येतं. त्या आवाजात उर्मटपणा असतो असं लोक म्हणतात. मला तो थकवा वाटतो. म्हणजे एखाद्यानं सदूसारखा एक कुत्रा घरी नेला, की त्या पिंजऱ्यातून वर्षाला कितीतरी बरी होणारी जनावरं आत येऊन बाहेर जातात.

2025च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं 11 तारखेला दिल्लीतली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा असं सांगितलं. 22 तारखेला त्यात बदल केला आणि रेबीज झालेली वा आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी-लसीकरण करून परत सोडा असं सांगितलं. मधल्या अकरा दिवसांत टीव्हीवर दोन्ही बाजूंची माणसं 'शेल्टर' हा शब्द असा वापरत होती, जणू ते गल्लीच्या कोपऱ्यावरचं रिकामं गोदाम आहे. त्यांतल्या एकानं तरी कधी शेल्टरची फरशी धुतली असेल का, असं सारखं मनात येत होतं.

कुत्र्यांवरून भांडण्याची आपली परंपरा मात्र जुनी आहे. जून 1832 मध्ये मुंबईच्या कोटात पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दुकानं बंद झाली, पोलिसांशी झटापटी झाल्या. कारण होतं कंपनी सरकारची कुत्री मारण्याची मोहीम. दर कुत्र्यामागे बक्षीस लावल्यामुळे मारेकरी घरात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेत होते. पारशांच्या अंत्यविधीत कुत्र्याला मान आहे, म्हणून ती चीड. त्याच समाजातल्या सर दिनशॉ पेटिट यांनी नंतर पत्नीच्या नावानं परळला जनावरांचा दवाखाना उभा केला. कागदोपत्री तो बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, आणि गिरणगावातल्या लोकांच्या तोंडी 'बैलघोडा हॉस्पिटल'. 1886 मध्ये तिथंच पशुवैद्यक महाविद्यालयही सुरू झालं. नावातल्या बैल-घोड्यांची जागा आता कुत्र्या-मांजरांनी घेतलीय. 2024च्या जुलैमध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांसाठीचं मोठं रुग्णालय सुरू झालं, सुमारे 165 कोटींचं. पुण्यात 2007 पासून रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट जखमी जनावरं उचलतंय. म्हणजे उपचाराची सोय हळूहळू होतेय. अडतं ते त्याच्या पुढं. मणक्याचं ऑपरेशन काही तासांचं असतं, पण त्यानंतरचं आजारपण दहा-बारा वर्षांचं असू शकतं, आणि ते कुठल्याही रुग्णालयाच्या इमारतीत मावत नाही.

त्या शेल्टरच्या डॉक्टरांनी मला मणक्याची एक परीक्षा दाखवली. ती पाहिल्यापासून मी कुत्र्याच्या पायाकडे वेगळ्या नजरेनं बघते. नव्यानं आलेल्या एका कुत्रीच्या मागच्या पायाचं बोट त्यांनी चिमट्यात धरून दाबलं. तिनं पाय झटकन आत ओढला. तिला आणणारा मुलगा आनंदानं ओरडला, "हलवला! हलवला!" डॉक्टर गप्प. त्यांनी पुन्हा दाबलं आणि मला म्हणाले, पायाकडे नाही, तोंडाकडे बघा. पाय पुन्हा आत गेला, पण कुत्री समोरच्या बिस्किटाकडेच बघत होती. पाय ओढून घेणं हे कण्याच्या खालच्या भागाचं काम, त्याला मेंदूची गरज लागत नाही. दुखलं हे मेंदूला कळलं असतं, तर तिनं मान वळवली असती, विव्हळली असती, चावली असती. चावली असती तर आम्ही पेढे वाटले असते, असं ते म्हणाले. खोलवरची वेदना शाबूत असेल तर पाय परत येण्याची आशा बरीच असते. ती गेली असेल तर थोडी. मुलाला हे कसं सांगायचं यावर ते थोडा वेळ अडले. मग त्याला चहा प्यायला घेऊन गेले.

आता घरं.

चिंचवडमध्ये एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर आहेत. त्यांच्याकडे झुलणारं मांजर आहे. पिल्लू पोटात असताना आईला पॅनल्यूकोपेनिया नावाचा विषाणूजन्य आजार झाला, की पिल्लाचा लहान मेंदू नीट वाढत नाही. तोल सांभाळणं हेच त्याचं काम. म्हणून ही मांजरं दारू प्यायल्यासारखी चालतात, पाय उंच टाकतात, कलंडतात, उठतात, पुन्हा निघतात. दुखत काही नाही. आजार वाढत नाही, आयुष्य कमी होत नाही आणि औषधही नाही. खाताना मात्र पंचाईत होते, कारण नेमकं तोंड वस्तूजवळ गेलं की डोकं जास्त हलायला लागतं. दूध नाकात जातं, वाटी उलटते.

फिटरकाकांनी यावर सहानुभूती वगैरे काही दाखवली नाही. त्यांनी माप घेतलं. मांजर खात असताना शेजारी फुटपट्टी उभी धरून डोकं किती खालीवर होतं, ते आठवडाभर वहीत टिपलं. मग ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून एक स्टँड केला. वाटी जमिनीपासून चार बोटं वर, पुढं किंचित कललेली आणि दोन्ही बाजूंना रबर लावलेल्या आडव्या पट्ट्या. त्यांत मांजराची मान टेकते आणि डोकं थांबतं. हा चौथा नमुना. पहिले तीन माळ्यावर आहेत, तेही दाखवले. घरभर जुन्या सतरंज्या अंथरल्यात, कारण गुळगुळीत फरशीवर मांजराचे पाय फाकतात. काकू म्हणाल्या, "आमच्या लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. माझ्या ओट्याची उंची कधी मोजली नाही यांनी." काकांनी हे ऐकलं नाही असं दाखवलं.

नाशिकच्या एका घरात फिट येणारी कुत्री आहे, चिंगी. बाई नर्स, नवरा शाळेत शिक्षक. पहिल्यांदा फिट आली तेव्हा शेजारचे आजोबा कांदा फोडून घेऊन धावत आले आणि त्यांच्या मागून त्यांचा नातू चप्पल घेऊन. कांदा आणि चप्पल हुंगवून फिट थांबत नाही, माणसाची नाही आणि कुत्र्याचीही नाही. ती आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला जातं. खरं करायचं ते एवढंच, की आजूबाजूचं टोकदार सामान हलवायचं, दिवे आणि आवाज कमी करायचे, तोंडात हात घालायचा नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना. चिंगीच्या नोंदवहीत तारीख, वेळ, मिनिटं-सेकंद आणि शेरा असे रकाने आहेत. एका ओळीत शेरा होता: 'समोरच्या लग्नाचा डीजे.'

तिला दर बारा तासांनी फेनोबार्बिटोनची गोळी लागते, सात आणि सात. माणसांचीच गोळी, चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि चिठ्ठी असली तरी औषधवाला पेशंटचं वय विचारतो. "साडेतीन." "आणि डोस एवढा?" मग सगळं रामायण सांगावं लागतं. अचानक बंद करायची नसते ही गोळी, नाहीतर झटके उसळून येतात. म्हणून जोडप्यातलं एकजण सातच्या ठोक्याला घरी असतं. दोघांनी मिळून नाटक पाहिल्याला किती वर्षं झाली, ते मास्तरांनी बोटांवर मोजून सांगितलं आणि लगेच विषय बदलला.

तीन पायांच्या कुत्र्यांवर लिहिण्यासारखं फार नाही. टाके निघाले की ती पळतात आणि आपणच त्यांच्याकडे बघून 'अरेरे' म्हणत राहतो. एचआयव्हीच्या जातकुळीतला मांजरांचा विषाणू झालेली मांजरंही वर्षानुवर्षं धडधाकट राहतात. तो माणसाला होत नाही, मांजरांत मुख्यतः मारामारीतल्या चाव्यातून जातो. तरी त्या तीन अक्षरांनी घाबरून लोक दत्तकाचा फॉर्म परत देतात.

बहिऱ्यांचं वेगळं. पांढरी शुभ्र, निळ्या डोळ्यांची मांजरं बहुधा बहिरी असतात. निळ्या डोळ्यांच्या मांजरांचं बहिरेपण डार्विननं 1859च्या त्याच्या ग्रंथातच नोंदवलंय. डाल्मेशियन कुत्र्यांतही जन्मजात बहिरेपण बरंच आहे. पैदास करणारे ते सांगत नाहीत, आणि घेणाऱ्याला सहा महिन्यांनी वाटतं की कुत्रा 'हट्टी' आहे. असा एक हट्टी डाल्मेशियन मी औंधमध्ये पाहिला. फरशीवर पाय आपटला की बघतो, अंगठा दाखवला की येतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आख्ख्या पुण्यातली कुत्री पलंगाखाली थरथरत असतात, तेव्हा हा बाल्कनीत पाय पसरून घोरतो. त्याच्या मालकिणीच्या शब्दांत, त्या इमारतीतला दिवाळी नीट साजरी करणारा तो एकटाच.

दादरच्या एका मुलीची गोष्ट मात्र मला सावकाश सांगायला हवी. तिनं शेल्टरमधून नेलेल्या मांजराचं पोट महिनाभरात फुगायला लागलं. जंत असतील म्हणून औषध दिलं. मग सुईनं पाणी काढलं तर ते पिवळं, चिकट, मधासारखं तार धरणारं. एफआयपी. मांजरांमध्ये सर्रास आढळणारा एक कोरोना विषाणू काहींच्या शरीरात रूप बदलतो आणि हा आजार होतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे निदान म्हणजे निरोपच होता. 2019 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या नील्स पेडरसन यांच्या गटानं जीएस-441524 या औषधाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि चित्र पालटलं. कोविडमध्ये आपण ज्याच्यासाठी रात्र रात्र रांगा लावल्या, त्या रेमडेसिव्हिरचंच हे जवळचं भावंड. उपचार 84 दिवसांचा, एकही दिवस न चुकवता.

तिनं भिंतीवर 84 चौकोन काढले. इंजेक्शन झोंबतं. पहिल्या आठवड्यानंतर पिशवीचा आवाज आला तरी मांजर कपाटामागं जाई. तिच्या हातावर ओरखड्यांच्या रेघा अजून आहेत. एकविसाव्या दिवशी आई म्हणाली, अगं, किती छळतेस त्याला. साठाव्या दिवशी तीच आई टॉवेलात मांजर गुंडाळून धरत होती. मी गेले तेव्हा ते मांजर फ्रिजवर बसून आम्हा तिघींकडे तुच्छतेनं बघत होतं. भिंतीला रंग लावायचाय, पण चौकोनांची जागा सोडून, असं आई म्हणाली.

आता उलटी बाजू. नेलेली जनावरं परत येतात. शेल्टरमधल्या मुलीनं सांगितलं, की सगळ्यांत आधी परत येतात ती रडत रडत नेलेली. फोटो बघून ज्यांचे डोळे भरतात, त्यांची ती पुढं परीक्षाच घेते. दया पहिल्या पंधरा दिवसांत संपते, असा तिचा हिशोब आहे. सोळाव्या दिवशी डायपर तोच असतो, वास तोच असतो, आणि कुत्रं काही आभार मानत नाही. ते फक्त जेवण मागतं. म्हणून ती फॉर्मवर प्राण्यांवर प्रेम आहे का वगैरे विचारतच नाही. तिचे प्रश्न मी लिहून घेतले. सकाळी किती वाजता उठता? दिवाळीत गावी जाता का, कोण राहतं मागं? बाथरूम किती? कामवाल्या बाईंना विचारलंय का? घरात कुणाचं आजारपण काढलंय का? या शेवटच्या प्रश्नाला 'हो' आलं, तर ती बाकीचा फॉर्म वाचत नाही. मी पाहिलेल्या घरांपैकी निम्म्याहून जास्त घरांत भिंतीला टेकवून ठेवलेला जुना वॉकर होता.

एका गृहस्थांनी नेलेला अर्धांगाचा कुत्रा आठव्या दिवशी आणून सोडला. कारण लिहिलं, 'मुलांच्या मनावर परिणाम होतो.' मला आधी राग आला. नंतर वाटलं, आठव्या दिवशी आणून सोडला, तिसऱ्या महिन्यात अंगाला जखमा पडल्यावर नाही, हेही बरंच. अशा कुत्र्याला एका कुशीवर टाकून घरचे लग्नाला गेले, तर दोन दिवसांत मांडीचं हाड टेकतं तिथं लाल चकंदळ उठतं, आणि पावसाळा असेल तर माशी बसून आठवड्यात त्यात अळ्या होतात.

खर्चाचं सगळे विचारतात. माझ्या वहीत महिन्याला सरासरी साडेचार हजार लागतात, जेवण सोडून. त्यातला मोठा वाटा डायपरचा. लहान मुलांचे सर्वांत मोठ्या मापाचे घेते, उलटे लावते, म्हणजे चिकटपट्ट्या पाठीवर येतात, आणि शेपटीसाठी भोक पाडते. भोकाची कड चिकटपट्टीनं बंद करायला विसरलं, की आतल्या जेलचे मणी साबुदाण्यासारखे घरभर होतात. हे मी एकदाच विसरले. लघवीतला जंतुसंसर्ग वर्षातून दोन-तीनदा होतोच. गाडी मात्र स्वस्तात झाली. नळजोडणीच्या दुकानातून प्लास्टिकचे पाइप, एल्बो, टी, आणि भाचीच्या मुलाच्या बाबागाडीची मागची चाकं. गाडीत कुत्र्याला बसता येत नाही, आडवं होता येत नाही, म्हणून एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं आणि आपण समोर. पायांना मोजे घालायचे, नाहीतर वळलेली बोटं रस्त्यावर घासून सोलतात. शी ठरावीक वेळी जेवण दिलं की ठरावीक वेळी होते. ओल्या फडक्यानं मागं हलकं पुसलं की दोन मिनिटांत. कुत्री आपल्या पिल्लांना चाटून हेच करते.

ज्यात पैसे लागत नाहीत, पण जीव जातो, असं एक सांगून ठेवते. माणसांची औषधं स्वतःच्या मनानं द्यायची नाहीत. ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली, तर ते दगावू शकतं. मांजराच्या यकृताला ते पचवताच येत नाही. आणि नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, ही गोष्ट मला लहानपणापासून प्रिय आहे. पण सदूला संक्रांतीला पोळीवर चमचाभर तूप जास्त झालं, तेव्हाची रात्र मला आणि माझ्या बाथरूमलाच ठाऊक.

सोसायटीबद्दल थोडक्यात. प्राणी पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमतानं ठराव केला तरी नाही, हे प्राणी कल्याण मंडळाच्या 2015च्या परिपत्रकात आहे. मी त्याची प्रत लॅमिनेट करून ठेवलीय. ती काढायची वेळ एकदाच आली, आणि समोरच्या गृहस्थांनी ती न वाचताच 'लिफ्टमध्ये वास येतो' हा मुद्दा मांडला. वास येत होता, ते खोटं बोलत नव्हते. तेव्हापासून आम्ही जिन्यानं उतरतो. सदू खांद्यावर, गाडी नवऱ्याच्या हातात. कायदा आपल्या बाजूनं असला तरी नाक प्रत्येकाचं आपापलं असतं.

आणि शेवटी तो प्रश्न येतोच. याला झोपवायचं का नाही? जे बरं होणारच नाही आणि फक्त यातना उरल्यात, अशा जनावराला डॉक्टरांच्या निर्णयानं शांतपणे जाऊ द्यायला आपले नियम परवानगी देतात. पण आपल्याकडे दोन टोकं आहेत. एक टोक 'चालता येत नाही, मग जगून काय करायचं' असं म्हणतं. ज्यांनी सदूला पोळीसाठी मावशींच्या मागं ओट्यापर्यंत सरपटत जाताना पाहिलेलं नाही, त्यांना असं वाटणं साहजिक आहे. दुसरं टोक म्हणतं, जीव घेण्याचा हक्क आपल्याला नाही, आणि मग मूत्रपिंडं संपलेलं, चार दिवस पाणीही न प्यायलेलं जनावर सलाईनवर ओढत राहतं. या दुसऱ्या टोकाला पुण्य म्हणतात, आणि मला ते भित्रेपण वाटतं. सासूबाईंच्या शेवटच्या तीन आठवड्यांत आम्ही काय काय केलं आणि कशासाठी केलं, हे मी अजून कुणाशी बोललेले नाही. नाशिकच्या त्या नर्सबाईंनी यावर एक साधा उपाय सांगितला. त्या कॅलेंडरवर चिंगीच्या बऱ्या दिवसाला टिकली लावतात. ज्या महिन्यात बिनटिकलीचे चौकोन जास्त होतील, त्या महिन्यात डॉक्टरांशी बोलायचं, असं दोघांनी आधीच ठरवलंय. आमच्या कॅलेंडरवरही आता टिकल्या आहेत.

या मे महिन्यात नाशिकला पुतण्याचं लग्न होतं. मुहूर्त सकाळचा. अकराची फेरी शेजारच्या मुलानं सांभाळायची आणि साडेचारच्या आत आम्ही घरी, असा हिशोब. अक्षता पडल्या तशा निघालो, जेवलोसुद्धा नाही. मंचरपर्यंत ठीक होतं. चाकणच्या अलीकडे गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. चार वाजले. साडेचार. शेजारच्या मुलाचा फोन लागेना, त्याचा क्लास होता. पाच वाजता मी मोजायला लागले: अकरा ते पाच, सहा तास, त्यात उन्हाळा, पाणी जास्त प्यायलेला असणार. नवरा म्हणाला, एवढ्या वेळानं काही होत नाही. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. पाच वाजून दहा मिनिटांनी मावशींचा फोन आला. त्या संध्याकाळच्या भांड्यांना आल्या होत्या.

"ताई, कुठं आहात?"

"चाकणला अडकलोय हो. सदूची—"

"काढली मी."

मला काही सुचेना.

"मोसंबीपेक्षा मोठी झाली होती," त्या म्हणाल्या. "आधी येईचना. मग आजींच्या वेळी तुम्ही सांगितलं होतं तसं फडकं गरम करून पोटाला लावलं. आली मग. दोनदा काढली."

"वास घेतलात का?"

"घेतला. रोजच्यासारखाच आहे. आता ठेवा फोन, ओला झालाय तो, पुसायचाय."